दांडगा कोंबडा जत्रेला, मरतुकडा घराला

चैत्र-वैशाख हे आपल्याकडे जत्रांचे दिवस. या दिवसांत माण-खटावच्या कुठल्याही वाडीवर सकाळच्या पारी गेलात तर एक देखावा हमखास दिसतो. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी डाली बांधलेला व्यापारी दारात उभा असतो. घरची बाई परसात कोंबड्यामागे धावते, पोरे आडवी होतात, आणि सगळ्या कळपात जो उठून दिसतो, छातीने रुंद, नडगीने जाड, तुऱ्याने लालभडक, तो कोंबडा पाय बांधून ताणकाट्याला उलटा लटकतो. पैसे हातावर पडतात. व्यापारी निघून जातो. परसात उरतात कोंबड्या, पिले आणि ज्याच्याकडे व्यापाऱ्याने ढुंकूनही पाहिले नाही असा एखादा किरकोळ नर.

हा लेख त्या उरलेल्या नराविषयी आहे.

आमच्या गावापलीकडच्या वस्तीवर एक मावशी आहेत. पदरी वीस-बावीस कोंबड्या, एक म्हैस आणि चार शेळ्या. घरातले मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळे कोंबड्यांवर चालते. चार वर्षांपूर्वी त्यांनी अंडी उबवणी केंद्रातून गिरिराजाची पिले आणली होती. बरीचशी जगली. नर तीन-तीन किलोंचे झाले, माद्या अडीच किलोंच्या. वस्तीवरच्या बायका बघायला यायच्या. यंदा मात्र मावशींनी मला थांबवून एक कोंबडा हातात दिला.

"दादा, आजी आडीच किलोची, आजा तीन किलोचा, आन् नातू बघा ह्यो! सव्वा किलो भरंना. बी बिघडलं म्हनायचं, का माझा हात वंगाळ?"

"मावशी, ते पहिले मोठे कोंबडे कुठं गेले?"

"कुठं जात्याल? जत्रंला गेलं."

"सगळे?"

"मग! मोठ्यालाच पैसं येत्यात की."

बी बिघडले नव्हते आणि हातही वाईट नव्हता. बीच विकले गेले होते.

बी निम्मे आईचे, निम्मे बापाचे

कोंबडीच्या पिलाला अंगलोट मिळते ती आई आणि बाप दोघांकडून, जवळजवळ सारखीच. पण दहा कोंबड्यांमागे नर असतो एक. म्हणजे पुढच्या वर्षी परसात जी पन्नास पिले फिरतील, त्यांचे निम्मे बी एकट्या त्या नराचे आणि उरलेले निम्मे दहा माद्यांत वाटलेले. गायी-म्हशींच्या बाबतीत हे आपल्या लोकांना चांगले कळते. वळू निवडताना चार गावे पालथी घालतात. खिलाराचा वळू असेल तर त्याची आई कोणती, आजा कुणाच्या दावणीचा हे सगळे विचारतात. कोंबड्याच्या बाबतीत मात्र 'आहे तो आहे'.

मावशींच्या परसात झाले असे. गिरिराजाचे नर पहिल्याच जत्रेला गेले. राहिल्या माद्या. त्यांच्यावर शेजारचा देशी कोंबडा चालला. ही अंडी देशी खुडूक कोंबडीखाली रवणाला बसली, कारण गिरिराजा कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. निघालेली पिले निम्मी गिरिराजा, निम्मी देशी. त्यांतले जे नर मोठे झाले ते दुसऱ्या जत्रेला गेले. पुन्हा देशी नर. आता पिलांत गिरिराजा उरला पाव हिस्सा. तिसऱ्या वर्षी दोन आणे. या हिशोबात जादूटोणा काही नाही.

बरे, समजा मावशींनी एखादा गिरिराजा नर घरी ठेवला असता, तरीही पिले हुबेहूब आई-बापासारखी निघाली नसतीच. गिरिराजा ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात वेगवेगळ्या जातींच्या संकरातून तयार केलेली कोंबडी. हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्पातून आलेली वनराजा हीही नराची एक ओळ आणि मादीची दुसरी ओळ यांच्या संकरातून मिळते. आपण आणतो ते त्या संकराचे पिलू. ते आपसात वाढवले की पुढच्या पिढीत गुण फुटतात. काही पिले बापाच्या ओळीवर जातात, काही आईच्या, काही मधलीच. ज्यांनी संकरित बाजरीचे बी एक वर्ष घरचे धरून पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कणसे एकसारखी येत नाहीत, ताटे वर-खाली होतात. पण बाजरीचे बी नाही जमले तर दुकानात पिशवी मिळते. कोंबडीचे बी दर वर्षी विकत आणणे वाडीवरच्या बाईला परवडतेच असे नाही. आणले तरी पहिले महिनाभर ऊब द्यायची, मानमोडीची लस टोचायची, घारी-मुंगसापासून राखायचे. एवढे करूनही दर वर्षी नवे सुरू.

म्हणून घरचा कळप सुधारायचा असेल तर कोणता गुण पिढीतून पिढीत किती उतरतो हे जाणून घ्यावे लागते. सगळे गुण सारखे उतरत नाहीत. अंगाचे वजन, नडगीची लांबी, छातीची रुंदी हे गुण बऱ्यापैकी उतरतात. कळपातल्या कोंबड्यांमध्ये वजनाचा जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला ढोबळमानाने ३० ते ५० टक्के भाग रक्ताचा असतो आणि बाकीचा खाण्यापिण्याचा, हवेचा, रोगराईचा. वर्षाकाठी अंडी किती, हा गुण त्याहून कमी उतरतो. आणि पिलू जगण्याची ताकद, अंडे फळण्याचे प्रमाण हे तर फारच थोडे. ते बहुतेक राखणीवर असते.

एक हिशोब मांडून पाहू. समजा बारा आठवड्यांचे नर सरासरी एक किलोचे आहेत. त्यांतला १३०० ग्रॅमचा नर आपण ठेवला. म्हणजे तो सरासरीपेक्षा ३०० ग्रॅमनी पुढे. माद्या जशा आहेत तशाच ठेवल्या, त्यांत निवड केली नाही. आई-बाप मिळून सरासरी फायदा झाला १५० ग्रॅम. त्यातला ४० टक्के पुढे उतरला असे धरले, तर पुढच्या पिढीचे वजन ६० ग्रॅमनी वाढेल. सहा वर्षांत साडेतीनशे ग्रॅमच्या घरात. खाद्यात एक मूठ वाढवलेली नाही, औषधाला एक पैसा दिलेला नाही.

आता हाच हिशोब उलटा करा. १३०० ग्रॅमचा नर जत्रेला आणि ७०० ग्रॅमचा घराला. दर पिढीला ६० ग्रॅमची घट. ही घट कायम चालू राहत नाही, कारण एका मर्यादेखाली कोंबडी गेली की ती जगतच नाही. पण आपली देशी कोंबडी त्या तळाशी येऊन टेकली असेल, तर त्यात आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीचाही वाटा आहे, असे माझे मत आहे. कोणी मुद्दाम केले नाही. गरिबीने केले. मोठ्याला पैसे येतात आणि पैशांची गरज आज असते.

असील गेला, ब्रॉयलर होऊन आला

उलट दिशेने मुद्दाम निवड केली तर कोंबडी कुठपर्यंत बदलते, हे पाहायला अमेरिकेत जावे लागते. पण या गोष्टीचे एक टोक आपल्याच मातीत आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत कोंबडी पाळत ती मुख्यतः अंड्यांसाठी. खायला मिळे ती म्हातारी कोंबडी किंवा नको असलेला नर. छातीला मांस नाही, नुसते हाड. तिथल्या एका मोठ्या किराणा दुकानदार कंपनीने सरकारी शेती खात्याच्या साथीने स्पर्धा लावली, नाव 'उद्याची कोंबडी'. कोंबडी कशी दिसावी हे कळावे म्हणून मेणाची प्रतिमा करून दाखवली: छाती रुंद, मांडी भरलेली. १९४८ साली डेलावेअर राज्यात अखेरची फेरी झाली. देशभरातल्या स्पर्धकांनी उबवणीची अंडी पाठवायची, पिले एकाच ठिकाणी, एकाच खाद्यावर वाढवायची आणि मग तोलायची. ही अट फार शहाणपणाची होती. प्रत्येकाने आपापल्या घरी वाढवून आणली असती तर बक्षीस बियाला मिळाले असते की चाऱ्याला, हे कळलेच नसते.

पहिला आला तो कॅलिफोर्नियातल्या व्हॅनट्रेस यांचा संकर. एका बाजूला न्यू हॅम्पशायर, दुसऱ्या बाजूला कॉर्निश. आता हा कॉर्निश कोण? इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात एकोणिसाव्या शतकात तयार झालेली ही जात. तिच्या रक्तात आपल्या हिंदुस्थानातून नेलेला असील आहे. इंग्लंडात तिचे नावच मुळी 'इंडियन गेम'. असील हा झुंजीचा कोंबडा. ताठ मान, रुंद खांदे, लोखंडासारखी छाती, जाड नडगी. झुंजीच्या नादापायी आपल्या लोकांनी शेकडो वर्षे तो निवडून निवडून घडवला. (झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ती हौस आता नको.) पण निवड कशी करावी हे आपल्याला माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. झुंजीच्या कोंबड्यासाठी जे केले ते परसातल्या कोंबड्यासाठी केले नाही, एवढेच. आज शहरातल्या हॉटेलात जी ब्रॉयलरची छाती ताटात येते, तिच्यात असीलचा अंश सातासमुद्रापार जाऊन परत आलेला आहे.

त्यानंतर काय झाले याचा चोख पुरावा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगातून मिळतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५७ सालच्या मांसल कोंबडीचे रक्त निवड न करता जसेच्या तसे सांभाळून ठेवले होते. ती जुनी कोंबडी आणि २००१ सालची बाजारातली ब्रॉयलर शेजारी शेजारी वाढवली. दोघींनाही काही पिले जुन्या पद्धतीच्या खाद्यावर, काही नव्या खाद्यावर. ४२ दिवसांनी जुनी कोंबडी जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम भरली, नवी कोंबडी नव्या खाद्यावर २,६७२ ग्रॅम. जवळजवळ पाचपट. पण गंमत पुढे आहे. जुन्या कोंबडीला नवे खाद्य दिले तेव्हा ती किती झाली? ५७८ ग्रॅम. म्हणजे इतके सुधारलेले खाद्य देऊनही वाढ ३९ ग्रॅमची! शास्त्रज्ञांनी हिशोब केला तो असा की, झालेल्या बदलातला ८५ ते ९० टक्के वाटा रक्ताचा आणि उरलेला खाद्याचा.

खाद्य किती लागले हेही त्यांनी मोजले. पोल्ट्रीवाले ज्याला 'एफसीआर' म्हणतात ते हे माप: एक किलो अंगावर चढवायला किती किलो खाद्य खपले. एक किलो ८१५ ग्रॅम वजन गाठायला नव्या कोंबडीला ३२ दिवस लागतात आणि किलोमागे दीड किलोहूनही थोडे कमी खाद्य लागते. जुनीला तेच वजन गाठायला १०१ दिवस लागले असते, आणि किलोमागे जवळजवळ साडेचार किलो खाद्य. मधल्या सत्तर दिवसांचे खाद्य जाते ते नुसते जिवंत राहायला.

भूकही वारशाने येते

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. त्यांना वाटते, मोठी कोंबडी कमी खाऊन मोठी होते. तसे नाही. वजनावर निवड केली की त्याबरोबर भूक निवडली जाते. ब्रॉयलर लवकर वाढतो त्याचे पहिले कारण तो रात्रंदिवस खातो हे आहे. एवढी भूक की, ज्यांच्या अंड्यातून ब्रॉयलरची पिले निघतात त्या आई-कोंबड्यांना तलंग असताना पोटभर खाऊ देत नाहीत. त्या जितके खातील त्याच्या निम्म्याहूनही कमी खाद्य मोजून घालतात. मोकळे सोडले तर त्या चरबीने माजतात, पाय मोडतात, अंडी घालत नाहीत. लेकरांनी खाऊन मोठे व्हावे म्हणून आईला जन्मभर अर्धपोटी ठेवायचे, असा हा व्यवहार. शेडमधून हौसेने आणलेली ब्रॉयलर कोंबडी मी एकदा घरी पोटभर चारली. चार महिन्यांत तिला उठता येईना. वैशाखातल्या एका दुपारी बसल्या जागी गेली. चूक माझी होती. जिला चोवीस तास कठड्यातले खाद्य आणि पंख्याचे वारे धरून घडवली, तिला मी उकिरड्यावर सोडली.

पण काही कोंबड्या सारख्याच वजनाच्या, सारखीच अंडी देणाऱ्या आणि तरी एक जास्त खाते, दुसरी कमी, हेही खरे आहे. फ्रान्समधल्या सरकारी संशोधकांनी १९७० च्या दशकात ऱ्होड आयलंड रेड जातीवर हा प्रयोग सुरू केला. वजन आणि अंडी यांवरून प्रत्येक कोंबडीने किती खायला हवे ते काढायचे. त्याहून जास्त खाणाऱ्यांची एक ओळ, कमी खाणाऱ्यांची दुसरी. पिढ्या सरत गेल्या तशा या दोन ओळी खाण्याच्या बाबतीत कितीतरी लांब गेल्या. वजन मात्र साधारण तेच. मग जादा खाद्य जात होते कुठे? ते उष्णता होऊन बाहेर पडत होते. आणि ही उधळी ओळ नजरेलाही ओळखू येऊ लागली, कारण तिच्या गळ्याखालचे कल्ले लांब झाले आणि तुरा मोठा झाला. कोंबडीच्या अंगावर जिथे पिसे नाहीत तिथून ऊब निघून जाते. म्हणजे अंगाची ठेवण आणि खाण्याचा हिशोब यांचा असा थेट संबंध आहे. अर्थात, यावरून मोठा तुरा दिसला की कोंबडा वाईट असे कोणी ठरवू नये. तो मोठ्या कळपातला, कित्येक पिढ्यांचा निष्कर्ष आहे. आणि आपल्या उन्हाळ्यात ऊब बाहेर जाणे हा दोष नव्हे.

उलट, त्याचाच फायदा घेणारी एक कोंबडी आपल्याकडे अधूनमधून दिसते. बोडक्या मानेची. बायकांना ती आवडत नाही, गिऱ्हाईक नाक मुरडते, म्हणून ती आधी कापली जाते. पण मान उघडी असणे हा एकाच गुणाचा खेळ आहे. आई किंवा बाप एकाकडून आला तर मान उघडी पण पुढच्या बाजूला पिसांचा झुबका राहतो, अंगावरची पिसे सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. दोघांकडून आला तर मान पूर्ण बोडकी आणि पिसे सुमारे ४० टक्क्यांनी कमी. पिसे घडवायला लागणारे सत्त्व वाचते आणि अंग थंड राहते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या गुणाचा उपयोग करून परसातल्या कोंबड्या तयार केल्या, त्या काही उगीच नाहीत. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पिसांनी भरलेली भारी कोंबडी चोच उघडून धापा टाकत बसते, खात नाही. बोडकी तेवढ्यात चार किडे वेचून येते. थंडीत मात्र हिचे खाणे वाढते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा असाच एकेरी गुण ठेंगणेपणाचा. हा नर-मादी ठरवणाऱ्या धाग्यावर बसलेला असतो. पक्ष्यांत मादीला असा धागा एकच, आणि तो तिला मिळतो बापाकडून. आई आपला धागा देते ती फक्त मुलाला. फ्रान्समध्ये याचा नामी उपयोग केला. आई ठेंगणी ठेवायची, नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के हलकी, म्हणजे तिचा वर्षाचा खुराक कमी. बाप उंच. मुलींना धागा बापाचा, म्हणून त्या उंच. मुलांना दोघांचे धागे मिळतात, पण ठेंगणा गुण दबून राहतो. अशी सगळी पिले अंगाने भरघोस. बुटक्या आईची उंच लेकरे! आपल्या परसात हा प्रयोग कोणी करावा असे नाही, पण खाद्याचा हिशोब पिलाबरोबर आईचाही धरायचा असतो, हे त्यातून कळते.

परसातला हिशोब वेगळा

मग मावशींनी काय करावे? तीन किलोच्याच मागे लागावे का?

मला वाटते, नाही. शेडमधल्या कोंबडीचे खाद्य पोत्यातून येते, म्हणून तिथे किलोमागे किलो मोजतात. मावशींची कोंबडी खाते ते उकिरड्यावरचे किडे, खळ्यातले सांडलेले दाणे, भाकरीचे तुकडे, कणी-कोंडा, पावसाळ्यात गवताचे कोंब आणि वाळवी. हे वस्तीवर जेवढे आहे तेवढेच आहे. वजन दुप्पट झाले की नुसते जगण्यासाठीचे खाणे दीडपटीहून थोडे जास्त होते. म्हणजे जेवढ्यावर आठ देशी कोंबड्या तगतात तेवढ्यावर दुप्पट वजनाच्या पाचही जेमतेम तगतील. तगतील म्हणजे काय, घारीची सावली पडली की झुडपात शिरायचे हे भारी कोंबडीला जमत नाही. अंडी उबवणे नाही. आणि अंगाने फार वाढलेल्या कोंबडीची अंडी बहुधा घटतात. या दोन गुणांचे पटत नाही, हे जगभर दिसून आले आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या गुजरातकडच्या सरहद्दीवर 'बुसरा' नावाची देशी कोंबडी आहे. अंगाने मध्यम, अंडी थोडी, पण आदिवासी पाड्यांवर ती स्वतःच्या हिकमतीवर जगते आणि पिले वाढवते. हेही एक खाद्याचे गणितच आहे. घरातून काही न घालता जे मिळाले ते सगळे नफा.

तेव्हा मला जे सुचते ते एवढेच की, खुडूक बसणारी, चपळ, घरची कोंबडी आई म्हणून ठेवावी. बाप मात्र निवडून ठेवावा. तो त्याच कळपातला चांगल्या वाढीचा असेल, किंवा एकदा गिरिराजा-वनराजासारख्याचा निम्मा अंश घेऊन मग त्या पिलांतून निवडलेला असेल.

निवडायचा कसा? वजन करून. डोळ्याने नाही. पिसे फुगलेला कोंबडा नेहमी मोठा वाटतो. बारा आठवड्यांनी ताणकाट्यावर तोलावे, आणि एका रवणातली पिले त्याच रवणातल्या भावंडांशीच तोलावीत. हिवाळ्यात निघालेले पिलू उन्हाळी पिलापेक्षा मोठे होते ते हवेमुळे. पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या तलंगीच्या लहान अंड्यातून लहान पिलू निघते ते अंड्यामुळे. हे रक्ताचे गुण नव्हेत, आणि अशांना एकमेकांशी तोलले तर निवड फसते. छाती बोटांनी चाचपावी. मधले हाड सरळ हवे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मांस भरलेले हवे. कट्यारीसारखे वर आलेले असेल तर तो सोडावा. नडग्या सरळ, दोन्ही सारख्या. पाय फाकून चालणारा कितीही भारी असला तरी नको, कारण पायाचे दोषही पुढे उतरतात. आई कोण, तिने किती पिले जगवली, हे घरच्या बाईला तोंडपाठ असते. ते जरूर धरावे.

बाप निवडला की उरलेले नर खुशाल विकावेत. ते परसात राहिले तर निवडीला अर्थ नाही. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. नर काढून टाकल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचे बी दोन आठवडे, कधी थोडे जास्तही, टिकते. म्हणून नवा नर सोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला-विकायला काढावीत, रवणाला बसवू नयेत. नाहीतर आपण समजतो नव्याची पिले आणि असतात जुन्याची. आणि एकच नर वर्षानुवर्षे ठेवला तर तो आपल्याच मुली-नातींवर चालतो. मग अंडी फळत नाहीत, पिले किरटी निघतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे वर्षाआड दोन वाड्यांनी आपले निवडलेले नर आपसात बदलावेत. पूर्वी अनेक राज्यांत सरकारी योजनांतून देशी नरांच्या जागी सुधारित नर दिले जात. आपसातल्या अदलाबदलीला योजना लागत नाही, कुणाचा शिक्का लागत नाही.

अडचण राहते ती पैशांची. ती मी मावशींपुढे मांडली तेव्हा त्या हसल्या.

"म्हंजी जत्रंला दुसऱ्या लंबरचा द्यायचा?"

"देवाला किलो कुठं कळतात, मावशी?"

"देवाला न्हाय कळत. गिऱ्हाइकाला कळत्यात."

बोलणे खरे होते. सगळ्यात मोठा कोंबडा ठेवायचा म्हणजे त्या दिवसाचे दोन-तीनशे रुपये जास्तीचे सोडायचे, आणि ते पुढच्या वर्षी पिलांच्या अंगावर दिसतील या भरवशावर. तो कोंबडा पुढल्या जत्रेला विकता येतोच, वजनही वाढलेले असते. पण मधल्या वर्षात मुंगूस आहे, मानमोडी आहे, पाहुणे आहेत. पाहुणे हा तर सगळ्यात मोठा धोका.

यंदाच्या जत्रेआधी मावशींनी तीन नर विकले. चौथा, दीड किलोला थोडा कमी भरलेला, त्यांनी विकला नाही. त्याच्या पायात हिरवा दोरा बांधला आहे. व्यापाऱ्याने दोनदा भाव वाढवून मागितला. मावशींची सून आतून म्हणाली, "आत्या, देऊन टाका, पोराची फी भरायचीय." मावशींनी फीसाठी शेळीचे करडू विकायचे ठरवले. सातवीतल्या नातवाने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तक्ता आखला आहे. एका बाजूला दोऱ्याचा रंग, दुसऱ्या बाजूला वजन. हिरव्या दोऱ्यापुढे १४६० लिहिले आहे. त्याखालच्या ओळी रिकाम्या आहेत. पहिले रवण दिवाळीनंतर बसवायचे ठरले आहे.